हुकलो म्हणजे काय

छत्रपती संभाजीनगर,
१८ जानेवारी

तनुजा,

जानेवारीचा अंक सोबत आहे. तू नोकरी सोडलीस, शहर सोडलंस, पण आपल्या बातमीपत्राच्या वाचकांच्या यादीतून तुझं नाव कुणी काढलेलं नाही. यादी माझ्या ताब्यात असल्यामुळे ते निघणारही नाही. फोनवर तुझा फोटो दिसेनासा झाला तेव्हा मला वाटलं माझाच फोन बिघडला. ऑफिसातल्या मोनिकाने समजावलं, की ब्लॉक केलं की असंच होतं. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र अंकात घालून पाठवते आहे.

पहिल्या पानावर बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची बातमी आहे. मुलासमोर गणवेशात जायचं नाही, हे त्यांना पुन्हा एकदा सांगण्यात आलं. त्यावर एकाने विचारलं, "साध्या कपड्यांत गेलो तर पोरगं मला भ्यायचं कसं?" मी ते वाक्य जसंच्या तसं छापलं, खाली एक ओळही लिहिली नाही. दुसऱ्या पानावर 'बाल गुन्हेगार' हा शब्द का वापरू नये याचं टिपण आहे. ते आपण दरवर्षी छापतो आणि वर्तमानपत्रवाले दरवर्षी वाचत नाहीत. चौथ्या पानावर 'मुलाचं ऐकताना' हा तुझा जुना लेख पुन्हा घेतला आहे. परवानगी विचारायला फोन लागत नव्हता.

तू पुण्याला जाते आहेस हे मला निरीक्षणगृहाच्या अधीक्षकांकडून कळलं. सहा वर्षं आपण एका टेबलावर डबा खाल्ला, आणि ही बातमी मला एका फायलीवर सही घेताना कळावी? त्या रात्री तुला पाठवलेल्या आवाजी निरोपात मी जे बोलले ते बोलले. ते परत घ्यायला हे पत्र लिहीत नाही.

पत्र कामाचं आहे. जाण्याआधी तू शेवटचं मत दिलंस ते पाचोडच्या बाजारातल्या मुलाबद्दल. त्याचं नाव लिहिणार नाही. अंकात आपण मुलांना झाडांची नावं देतो, कारण माणसाचं खोटं नाव दिलं की ते कुठल्यातरी खऱ्या पोराचं निघतं. हा रिवाज तूच पाडलास, तेव्हा याला आपण हिवर म्हणू.

पुण्याच्या हवेत इथलं काही लक्षात राहतं की नाही, ठाऊक नाही, म्हणून सगळंच सांगते. नोव्हेंबरात हिवरची आई मालनबाई पाचोडच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसली होती. साहेबराव नावाच्या शेतकऱ्याने तिच्याशी जागेवरून भांडण काढलं, भाजी लाथाडली, तिला ढकललं. त्याचा आणि या घराचा बांधावरून जुना वाद आहे. शेजारचे चहावाले आप्पाराव सोडवायला आले. तेवढ्यात हिवरने तराजूजवळचं लोखंडी माप उचलून फेकलं आणि ते आप्पारावांच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात वारले. हिवरला सतरावं सरत आलेलं. गुन्हा एवढा मोठा असला आणि मुलाने सोळा पूर्ण केलेली असली, तर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा की नाही, हे बाल न्याय मंडळ ठरवतं. त्यासाठी समुपदेशक म्हणून तुझं मत मागवलं होतं.

परवा ते वाचलं गेलं. तू लिहितेस: "'मी हुकलो' असे मुलगा स्वतः सांगतो. अर्थात त्याने नेम साहेबराव यांच्यावर धरला होता व तो चुकून दुसऱ्यास लागला. जुन्या वैरातून, परिणाम समजून केलेली ही कृती आहे."

बाई, तुमच्याकडे पुण्यात बस हुकते, नेम हुकतो. आमच्याकडे माणूस हुकतो. 'हुकला काय रे?' म्हणजे डोकं फिरलं का तुझं? पैठणला आमच्या गल्लीत दर भांडणाची सुरुवात या शब्दाने होते. आईला ढकललेलं पाहून पोराचं डोकं फिरलं, एवढंच तो तुला सांगत होता. तू त्याचा पाळत ठेवून बसलेला वैरी केलास.

मी मंडळापुढे हे बोलले. मंडळाच्या न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, मत तज्ज्ञाचं आहे, दुरुस्तीही तज्ज्ञानेच करावी. पुढची तारीख मार्चमध्ये आहे. तुझं दोन ओळींचं पत्र आलं नाही, तर हे पोरगं इथून मोठ्या कोर्टात जाईल आणि मग त्याचं तरुणपण कुठे जाईल हे तुला मी सांगायला नको.

सगीरा


छत्रपती संभाजीनगर,
१६ फेब्रुवारी

तनुजा,

फेब्रुवारीचा अंक सोबत आहे. तुझं उत्तर नाही.

या वेळी एक नवं सदर सुरू केलं आहे, 'आपले शब्द'. बाहेरून मराठवाड्यात बदलून येणारे अधिकारी, वकील, समुपदेशक यांना इथली बोली कळावी म्हणून. पहिला शब्द 'हुकणे'. अर्थ: डोके फिरणे, भान सुटणे. खाली लिहिलं आहे, 'या शब्दाचा पुस्तकी अर्थ घेतल्याने नुकताच एका मुलाबाबत गंभीर गैरसमज झाला आहे.' नाव कुणाचंच नाही. पण शफीभाई अक्षरं जुळवताजुळवता थांबले आणि म्हणाले, "आपा, ये तनुजा मॅडमवाली बात है ना? कायकू छाप रे?" छापखानेवाल्याला कळलं म्हणजे साऱ्या जिल्ह्याला कळणार. मी म्हटलं, छापो.

मी हिवरच्या गावी जाऊन आले. परिविक्षा अधिकारी म्हणून घरची चौकशी माझ्याकडेच आहे. पाचोडपासून पुढे रस्ता उकरून ठेवलाय, जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली. मालनबाई त्या दिवसापासून बाजारात बसत नाही. वांगी, मेथी जागेवरच व्यापाऱ्याला देते. मला पाहून तिने आधी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मग रडली.

"बाई, माझं पोरगं असं नाय वो. त्या दिशी हुकलंच व्हतं ते. काय झालं त्याला, देवाला म्हाईत."

ऐकलंस? आईच्या तोंडचा शब्द आहे. हे मी माझ्या अहवालात जसंच्या तसं घातलं. त्याच्या बाजूने उभा असलेला विधी सेवेचा वकील सम्यक खूश झाला. नवीन आहे, कशानेही खूश होतो.

बाकी बातम्या: निरीक्षणगृहातल्या मुलांसाठी कॅरम आला, सोंगट्या आल्या नाहीत. मुलांचे जबाब घेताना काय विचारू नये याची एक चांगली पुस्तिका मराठीत निघाली आहे, ती कुठे मिळेल ते पान दोनवर आहे. समुपदेशकाची जागा अजून रिकामी आहे, जाहिरात पान तीनवर आहे. ती तुला दिसावी म्हणून मुद्दाम मोठी छापलेली नाही, शफीभाईंकडे तेवढाच ठसा होता.

डब्याच्या टेबलावर आता अधीक्षकांनी फायली ठेवल्या आहेत.

सगीरा


छत्रपती संभाजीनगर,
१ मार्च

तनुजा,

माझाच अंक मला परत आला. पत्र नाही, चिठ्ठी नाही. 'आपले शब्द'वर लाल पेनाने गोल केलेला आणि समासात तुझ्या त्या तिरक्या अक्षरात एक ओळ: "आपा, तू त्याला विचारलंस का?"

एवढंच! दीड महिन्याने तोंड उघडलंस ते यासाठी?

मी या कामात आले तेव्हा तू शाळेत असशील. या जिल्ह्यातली किती घरं मी पाहिली, किती आया माझ्यासमोर रडल्या, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पहिल्या भेटीत तू मला म्हणाली होतीस, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" मुसलमान बाईचं मराठी छान असलं की पुण्याच्या माणसाला अजून आश्चर्य वाटतं. मी तेव्हा हसले होते. ही भाषा माझी आहे, तनुजा. माझ्या अब्बांनी पैठणला याच भाषेत मोहरमात भांडणं मिटवली आणि याच भाषेत दुकान चालवलं. 'हुकला' म्हणजे काय हे विचारायला मला कुणाकडे जायची गरज नाही. आणि त्याची आई तेच सांगते आहे.

मुलाला मी अर्थातच भेटले आहे. शाळा कधी सोडली, घरी कोण कोण आहे, जेवण नीट मिळतं का, सगळं विचारलं आहे. अहवालात आहे.

तू फक्त दुरुस्तीचं पत्र पाठव. बाकीचं माझ्यावर सोड.

सगीरा


छत्रपती संभाजीनगर,
६ मार्च

तनुजा,

हे पत्र अंकाबरोबर नाही. अंकाला अजून वेळ आहे आणि मला थांबवत नाही.

त्याला मी विचारलं नव्हतं. तुझ्या ओळीने चार दिवस डोक्यात घर केलं. रोजे सुरू आहेत, दुपारी असंही माझं डोकं ठिकाणावर नसतं. काल दुपारीच निरीक्षणगृहात गेले.

हिवर अंगणात बसून बादलीची कडी बसवत होता. उंच पोरगं आहे, बोलताना खाली पाहतं. मी म्हटलं, "तू त्या तनुजा मॅडमना सांगितलंस, मी हुकलो. हुकलो म्हणजे काय?"

तो माझ्याकडे असा पाहायला लागला, की या बाईला मराठी येतं की नाही.

"हुकलो म्हंजे हुकलो. नेम हुकला."

तुला सांगते, मला तिथल्या तिथे उठून जावंसं वाटलं. तू बरोबर होतीस असं वाटलं आणि त्याहून वाईट म्हणजे मी सगळ्या जिल्ह्यात तुझी चूक छापून बसले होते. पण उठले नाही. तुझ्या 'मुलाचं ऐकताना' लेखात आहे, उत्तर मिळालं की लगेच वहीकडे वळू नये. मी विचारलं, "नेम कशावर होता?"

"पत्र्यावर."

"कसला पत्रा?"

"लिलावाच्या शेडचा. त्यांच्या मागं व्हता ना." मग तो पहिल्यांदा नीट बोलला. "रानात रातच्याला डुकरं येतेत, मॅडम. मका पार लोळवून टाकतेत. आमी बांधावर पत्रा टांगलाय. त्याच्यावर लांबून दगड हाणायचा. धाडकन आवाज झाला की डुकरं जागच्या जागी थांबतेत आन् मग पळतेत. साहेबराव काका आईला ढकलाया लागले तवा म्हनलं आवाज करावा. समदे थांबतील. दगड कुठं घावंना, माप घावलं."

"मग?"

"मी भाजीवर पानी मारत व्हतो. हात वल्ले व्हते. माप निसटलं." बराच वेळ तो कडीशी खटपट करत राहिला. "मी कधी हुकत नाय, मॅडम. अंधारात बी नाय. त्याच दिशी हुकलो."

तनुजा, तू ऐकलंस साहेबरावावर नेम. मी ऐकलं डोकं फिरलं. त्याची आईही तेच धरून चालली होती, कारण तिची पाठ त्याच्याकडे होती. पोरगं मात्र साधं मराठी बोलत होतं. मी त्याला म्हटलं, हे तू तनुजा मॅडमना का नाही सांगितलंस? तर म्हणतो, "सांगितलं की, हुकलो म्हनून. त्या लिहीत व्हत्या."

सम्यक आज बाजारात जाऊन आला. आप्पाराव पडले त्या जागेच्या मागेच शेडचा पत्रा आहे.

आता सरळच लिहिते. आईचा शब्द मी अहवालात घातला आहे आणि 'भान सुटलेला मुलगा' असं वर माझं शहाणपणही जोडलं आहे. सरकारी वकील त्याचा असा अर्थ काढतील, की हे पोरगं कधीही कुणावरही धावून जाईल. तुझ्या मताने तो वैरी ठरतो, माझ्या मताने माथेफिरू. दोघींची मतं तशीच राहिली तर त्याला वाचवायला कुणी उरत नाही. माझी दुरुस्ती मी उद्या देते आहे. तुझी तुलाच द्यावी लागेल. सुनावणी १८ तारखेला आहे. तुला इथे यायची गरज नाही, व्हिडिओवर बोलता येईल, तेवढी परवानगी मी मागून ठेवली आहे.

त्या आवाजी निरोपात मी तुला पळपुटी म्हटलं होतं. तू ऐकलास की नाही माहीत नाही. मला तुझा राग आला नव्हता, मला फार एकटं वाटलं होतं. एवढं लिहून पत्र बंद करते, नाहीतर फाडून टाकेन.

सगीरा


छत्रपती संभाजीनगर,
१९ मार्च

तनुजा,

काल तू पडद्यावर आलीस तेव्हा बारीक दिसलीस. पुण्यात डबा आणत नाहीस का?

तू जे बोललीस ते मी नीट ऐकलं. "मी शब्दाचा अर्थ धरला आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. माझं मत मी मागे घेते, मुलाशी पुन्हा बोलले आहे, नवीन मत देते आहे." इतक्या माणसांसमोर आवाज न कापता हे बोलणं सोपं नसतं. माझी पाळी आली तेव्हा माझा कापला. आवाज बारीक होता, तुझ्यापर्यंत पोचला नसेल. परवा तू त्याच्याशी व्हिडिओवर तासभर बोललीस तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. तो आतून बाहेर आला आणि म्हणाला, "ह्या डावाला त्यांनी पेन नव्हतं घेतलं."

निकाल तुला सम्यकने कळवलाच असेल. हिवरला मोठ्या कोर्टात पाठवायचं नाही, चौकशी मंडळापुढेच चालेल. माप फेकलं, माणूस गेला, त्याचं जे व्हायचं ते होईल, पण लहान मुलाचं म्हणून होईल. मॅडमनी आदेश सांगितला, तुझा पडदा बंद झाला, आणि त्यानंतर जे झालं ते तुला माहीत असायला हवं म्हणून लिहिते आहे.

आप्पारावांच्या बायको लक्ष्मीबाई आल्या होत्या. मागच्या खुर्चीवर सुरुवातीपासून गप्प बसून होत्या. आदेश झाल्यावर त्या उठल्या. मला वाटलं आता शिव्याशाप देतील, आणि त्यांनी दिले असते तर त्यांना अडवायचं तोंड माझ्यापाशी नव्हतं.

त्या मॅडमना म्हणाल्या, "साहेब, पोराला एक इचारू का?"

मॅडम थोड्या घुटमळल्या. सरकारी वकिलांकडे पाहिलं, सम्यककडे पाहिलं आणि मान हलवली.

लक्ष्मीबाई हिवरच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "दवाखान्यात नेलं तवा त्यांची वाचा गेलती. तू जवळ व्हतास. काय बोलले का रं ते?"

हिवरने मान वर केली नाही.

"लोक मला हानत व्हते," तो म्हणाला. "आप्पाराव काका खाली बसले व्हते, उपरनं डोक्याला धरून. म्हनले, 'हानू नका रं त्याला. हात वल्ले हायेत त्याचे.'"

लक्ष्मीबाई एकदम म्हणाल्या, "व्हय. असंच बोलायचे ते." आणि त्यांनी भिंतीला हात टेकला. मालनबाई दाराशी उभी होती, ती पुढे झाली आणि तिने त्यांना खुर्चीवर बसवलं. मी माझ्या कागदांत तोंड खुपसलं, कारण मला रडायला येत होतं आणि हुद्द्याला ते शोभत नाही.

नंतर मी लक्ष्मीबाईंना पाचोडच्या गाडीपर्यंत सोडायला गेले. वाटेत त्या म्हणाल्या, "चार महिने झाले, बाई. पोलीस आले, वकील आले, तुमी आलात. हे मला कुनी सांगितलं नाय."

मी म्हटलं, "लक्ष्मीबाई, आम्हाला माहीतच नव्हतं."

त्या गाडीच्या पायरीवर चढल्या, दांडीला धरून वळल्या आणि म्हणाल्या, "पोराला तर म्हाईत व्हतं."

तुझी,
सगीराआपा